न ऐकू आलेली सुनावणी

आगरदांड्याच्या धक्क्याला लागणाऱ्या एका जुन्या लाकडी लाँचच्या पोटात भागोजीने एकतीस वर्षं काढली. वर तांडेल सुकाणू धरून गार वारा खात उभा असायचा, आणि खाली, मान वाकवूनच बसता येईल अशा खोपटात, भागोजी आणि डिझेलचं इंजिन. दोघांत बोलायचा हक्क इंजिनाचा. भागोजी ऐकून घ्यायचा. ऐकून ऐकून त्याचे कान इतके तृप्त झाले, की पन्नाशी उलटता उलटता त्यांनी आणखी काही ऐकायचंच सोडून दिलं.

लाँचवर हुकूम घंटीने चालतो. तांडेलाने वरून दोरी ओढली की खाली घंटी वाजते. एक ठोका पुढे, दोन ठोके बंद, तीन ठोके मागे. भागोजीला घंटी ऐकू येईनाशी झाली, हे सगळ्यात आधी ओळखलं चांगदेव तांडेलाने. तो काही बोलला नाही. बोलून उपयोग नव्हताच म्हणा. त्याने जाळ्याची नायलॉनची दोरी फळीच्या फटीतून खाली सोडली आणि भागोजीच्या डाव्या दंडाला बांधली. एक हिसका पुढे, दोन हिसके बंद, तीन हिसके मागे. चार वर्षं लाँच अशी चालली. वर घंटीची पूजा केलेली दोरी, खाली दंडाला बांधलेला भागोजी. प्रवाशांना याचा पत्ता नव्हता, आणि तो नव्हता म्हणूनच ते निवांत शेंगा खात बसत.

मग चांगदेव निवृत्त झाला आणि नवा तांडेल आला. शिकलेला होता. त्याने फटीतली दोरी बघितली, ही काय भानगड म्हणून कापून टाकली, आणि धक्का जवळ आल्यावर नियमाप्रमाणे तीनदा घंटी वाजवली. लाँच नियमाप्रमाणे सरळ धक्क्यावर गेली. धक्क्याला टायर बांधलेले होते म्हणून माणसं वाचली. मुरूडच्या बाजाराला निघालेली अंड्यांची एक टोपली तेवढी गेली. दुसऱ्या दिवशी मालकाने भागोजीला नारळ दिला. माणूस देवभोळा, म्हणून त्याने खराखुराच दिला, शेंडीसकट.

भागोजीचं घर धक्क्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला. मुलगा गणराज न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात, पंधरवड्याने घरी येणारा. घरात बायको मनुबाई आणि सून सुचिता. सुचिता लग्नाआधी एका सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरत असे, त्यामुळे सरकार कुठल्या रकान्यात काय मागतं आणि ते दिल्यावर पुन्हा काय मागतं, हे तिला तोंडपाठ होतं. तिने एक दिवस सासऱ्यासमोर बसून, ओठ नीट हलवत सांगितलं, "बाबा, तुमचा अपंगत्वाचा दाखला काढायचा. चाळीस टक्के भरलं, की कानाचं यंत्र मिळतं, एसटीत सवलत, आणि महिन्याचं अनुदान."

"मना दिसतं सगळं," भागोजी म्हणाला. "दाखला कशाला?"

"दिसण्याचा नाही. ऐकण्याचा."

"त्ये बी दिसतं," भागोजी म्हणाला.

खरी गोम इथेच होती. एकतीस वर्षं आवाजात काढलेला माणूस डोळ्यांनी ऐकायला शिकतो. समोरच्याचे ओठ, भुवया, खांदे यांवरून तो निम्मी वाक्यं ओळखायचा आणि उरलेली अंदाजाने भरायचा. गावात कित्येकांना तो फक्त 'जरा कमी ऐकतो' एवढंच ठाऊक होतं.

पहिली तारीख मिळायला पाच महिने लागले. कानाचा डॉक्टर जिल्ह्याच्या इस्पितळात महिन्यातून दोनच बुधवार येई, आणि त्यांपैकी एक बुधवार हटकून कुठल्या तरी सणावर पडे. अखेर डॉक्टरांचं बोर्ड बसलं. तपासणीची खोली ड्रेसिंगच्या खोलीला लागून. पलीकडे कुणाच्या तरी जखमेची पट्टी ओढली जात होती आणि तो माणूस देवाला हाका मारत होता. ऐकू येण्याची परीक्षा घ्यायला याहून शांत जागा सरकारला सापडली नसावी. भागोजीच्या कानांना डबे लावले, आणि समोर मशीनपाशी बसलेल्या तरुण तंत्रज्ञाने खुणेने सांगितलं, की आवाज आला की बोट वर करायचं.

भागोजीने मन लावून बोट वर केलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी.

दाखला आला, त्यावर अडतीस टक्के. चाळिसाला दोन कमी. म्हणजे मिळणाऱ्या गोष्टींत यंत्र नाही, सवलत नाही, अनुदान नाही. दाखला मात्र रंगीत.

सुचिताने कागद दोनदा वाचला. "बाबा, तुम्हाला तिथे खरंच आवाज येत होता?"

"आवाज कसला? तो बटण दाबायच्या आधी भुवई उडवायचा. भुवई उडली, की मी बोट वर केलं."

"का पण?"

भागोजी ओशाळला. "मंग काय करू? तो पोरगा येवढा मनापासून बटण दाबतोय, आन आपण दगडावानी बसायचं?"

मनुबाईने कपाळाला हात लावला. "आवो, एकतीस वर्सांत माजं एक ऐकलं न्हाय, आन त्याचं न वाजलेलं बी ऐकलंत."

त्याच आठवड्यात रामचंद्राचा निरोप आला. रामचंद्र मूळचा उरणकडचा, मिठागरावरच्या घरातला. पण वीस वर्षं तो त्याच लाँचवर, त्याच इंजिनापाशी भागोजीच्या उलट पाळीत होता. एक वर आला की दुसरा खाली उतरायचा. त्याचेही कान तसेच गेलेले. आता तो लेकीकडे घाटावरच्या एका जिल्ह्यात राहायला गेला होता. त्याने आपल्या दाखल्याचा फोटो पाठवला. बावन्न टक्के, अर्ज केल्यापासून बाविसाव्या दिवशी.

सुचिताने दोन्ही दाखले शेजारी ठेवले. इंजिन तेच, आवाज तोच, वर्षं भागोजीची जास्त. फरक एवढाच, की मधे घाट होता. घाट चढल्यावर हवा विरळ होते हे तिने शाळेत वाचलं होतं. बहिरेपण घट्ट होतं हे पुस्तकात राहून गेलं असावं.

रामचंद्राशी व्हिडिओवर बोलणं झालं. दोघे ठार बहिरे, एकमेकांचे ओठ बघत, घराची कौलं उडतील अशा आवाजात.

"तू इकरं ये," रामचंद्र ओरडला. "आधारवर माझे लेकीचा पत्ता टाक. महिन्यान काम होतं."

"कान इकडं गेले," भागोजी ओरडला. "तिकडचा दाखला कशाला?"

मनुबाईच्या मते हा शुद्ध आडमुठेपणा होता. शेजारच्या दोघांनी असंच केलं होतं, आणि त्यांची कामं झाली होती. पण भागोजीला ते पटेना. पत्ता खोटा, कान खरे, मग दाखला कसला धरायचा, असं तो म्हणाला. सुचिताने वाद घातला नाही. तिने अपील लिहायला घेतलं.

अपिलाचं कार्यालय आणखी दूरच्या मोठ्या शहरात होतं. किनाऱ्यावरचे, डोंगरातले आणि घाटावरचे असे कित्येक जिल्हे त्या एका कार्यालयाला बांधलेले. सुचिताने अर्जात ठळक लिहिलं: अर्जदारास ऐकू येत नाही, कृपया लेखी कळवावे. आणि मग घरातले सगळे पोस्टमनची वाट बघू लागले.

चौदा महिने गेले. दोनदा भात लावून झालं. पंधराव्या महिन्यात सुचिताने स्वतःच कार्यालयाला फोन केला, तेव्हा तिकडचा कारकून उखडला. "तुमच्या अर्जदारांना आम्ही तीन वेळा फोन केला. एकदा त्यांनी उचलला आणि नुसतेच हॅलो हॅलो करत बसले. सहकार्य करायला नको का?"

"साहेब, अपील बहिरेपणाचं आहे."

"ते फाईलमध्ये असेल," कारकून म्हणाला. "सुनावणी येत्या सोमवारी आहे."

सुनावणी! ज्याने कुणी हा शब्द काढला, त्याच्या डोळ्यांपुढे भागोजी नसणार. सोमवारी पहाटेच्या एसटीने सासरा-सून निघाले आणि साडेदहाला त्या कार्यालयाच्या बोळवजा व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. बाकांवर पंधरा-वीस माणसं. सदा नावाचा एक शिपाई दारातून डोकं काढायचा, एकदाच नाव पुकारायचा आणि आत जायचा. त्या दिवशी सगळी अपिलं कानांची होती. सदा पुकारायचा आणि समोर बसलेल्या बहिऱ्यांपैकी कुणीही उठायचं नाही. मग आतून 'गैरहजर' असा शेरा पडायचा. काम झपाट्याने चाललं होतं.

बाराच्या सुमाराला सुचिता कागदांची झेरॉक्स काढायला खाली गेली. लाईन गेली होती म्हणून तिला उशीर झाला. वर आली तेव्हा भागोजी बाकावर शांत बसून समोरच्या भिंतीवरचं 'शांतता राखा' वाचत होता, आणि त्याचं अपील फेटाळून दहा मिनिटं झाली होती.

"इथेच तर बसलेत!" सुचिता सदाला म्हणाली. "तुमच्यापासून चार हातांवर!"

"मी पुकारलं की ताई," सदा म्हणाला. "मोठ्यानं पुकारलं."

भागोजीला काय झालं ते तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली नेऊन चहा पाजला. नवा अर्ज त्यांनी तिथल्याच टपरीवर बसून लिहिला: अर्जदार हजर होते, पण आपण हजर आहोत की गैरहजर हे त्यांना ऐकू आलं नाही, सबब फेरसुनावणी मिळावी.

ती चार महिन्यांनी मिळाली. या वेळी भागोजीने दारासमोरची जागा धरली. सदाने डोकं काढलं, की भागोजी त्याच्या ओठांकडे बघायचा, आणि नाव वाचून बाकांकडे वळून आरोळी द्यायचा, "कोण हाय रे हा? उठा, उठा!" कुणी उठलं नाही, तर प्रत्येकाच्या हातातला कागद बघून नेमक्या माणसाला हलवायचा. त्या सकाळी एकही गैरहजेरी लागली नाही, आणि सकाळचं काम अडीच वाजेपर्यंत लांबलं. आतून दोनदा विचारणा झाली, की आज एवढी गर्दी कशी?

वाट बघता बघता सुचिताने बाकांवर चौकशी केली. घाटावरून आलेल्या चौघांना अपील करून तीन-चार महिनेच झाले होते. किनाऱ्याकडच्या सात जणांत वर्षाच्या आतला एकही नव्हता. आणि डोंगरातल्या गावाहून आलेली मैना नावाची चाळिशीची बाई, तापात कान गेलेली, एकटीच आलेली, तिला पंचवीस महिने झाले होते आणि आज तिला पुन्हा पुढची तारीख मिळाली होती. सुचिताने कारकुनाला विचारलं, असं का?

त्याने समजावून सांगितलं, आणि समजावणारा माणूस वाईट नव्हता. "अपील आलं, की ज्या बोर्डाने टक्के दिले, त्याचा अभिप्राय मागवायचा. घाटावर कानाचे डॉक्टर कायमचे आहेत, आठवड्यात अभिप्राय येतो. तुमच्याकडे जागा रिकामी, बुधवारचे डॉक्टरही यायचे बंद झाले. डॉक्टर नाही, तर अभिप्राय देणार कोण? आणि अभिप्राय नाही, तर आम्ही ऐकणार काय?"

"मग डॉक्टर नाही ही चूक कुणाची?"

"तो विषय वेगळ्या टेबलाचा," कारकून म्हणाला.

शेवटी भागोजीचं नाव आलं. ते त्याने स्वतःच वाचलं आणि स्वतःच उठला. आत अधिकारी साहेब होते, समोर फाईल. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, किती वर्षं इंजिनावर होता विचारलं. भागोजीने त्यांच्या ओठांवरून नजर न हलवता एकेक उत्तर फटाफट दिलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"यांना तर सगळं ऐकू येतं."

सुचिता पुढे आली. "साहेब, एक विनंती. फाईल तोंडापुढे धरून एक प्रश्न विचाराल का?"

"हे काय नाटक आहे?"

"एकच प्रश्न, साहेब."

साहेबांना राग आला होता. पण कुतूहल रागाहून मोठं निघालं. त्यांनी फाईल उचलून तोंडापुढे धरली आणि तिच्याआडून खणखणीत आवाजात विचारलं, "तुमचं अपील मंजूर करू, की आत्ताच फेटाळून टाकू?"

भागोजीने फाईलच्या पुठ्ठ्याकडे नीट बघितलं, पुढे वाकला आणि नम्रपणे म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर माजं नाव भागाजी लिवलंय. भागोजी पायजे."

फाईल हळूहळू खाली आली. साहेबांनी पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं, आणि मग ते एवढ्या मोठ्याने हसले की सदा आत डोकावला. हसणं संपल्यावर त्यांनी अपील मंजूर केलं नाही, कारण हसू हा पुरावा होत नाही. पण डोक्याला तारा लावून करायच्या तपासणीचा हुकूम काढला. तिला बेरा म्हणतात. बहिऱ्यांची म्हणून बेरा, अशी भागोजीने आपली समजूत करून घेतली. त्या तपासणीत बोट वर करायचं नसतं. मशीन माणसाला न विचारता परस्पर मेंदूला विचारतं. असं मशीन किनाऱ्यावरच्या इस्पितळातही आलं होतं. पण ते चालवणारा आला नव्हता, म्हणून ते अडीच वर्षं खोक्यात सुखरूप होतं. तपासणीसाठी जायचं होतं घाटावर, रामचंद्राच्याच जिल्ह्यात.

"शेवटी आलासच ना इकरं?" रामचंद्राने त्याला मिठी मारून विचारलं. भागोजीला ते दिसलं नाही, त्यामुळे उत्तरही दिलं नाही.

तपासणी करणाऱ्या मुलीने खुणेने सांगितलं, "पडून राहा, झोप लागली तर उत्तम." इंजिनापाशी एकतीस वर्षांत एक डुलकी न घेतलेला भागोजी पाच मिनिटांत घोरायला लागला. चाळीस मिनिटांनी त्याला हलवून उठवलं. बाहेर रामचंद्र आणि सुचिता चहा घेऊन उभे होते. निकाल त्याच संध्याकाळी हातात मिळाला, आणि सुधारलेला दाखला महिन्याभराने. त्रेसष्ट टक्के. अर्जाच्या पहिल्या दिवसापासून दोन वर्षं चार महिने झाले होते.

दाखल्यावर खाली बारीक अक्षरात 'तात्पुरता, पाच वर्षांसाठी' असं होतं. सुचिताने विचारलं, तर कळलं की सुधारणा होण्याची शक्यता गृहीत धरली आहे. भागोजीच्या कानांवर एवढा विश्वास आजवर कुणीच टाकला नव्हता.

अनुदान सुरू झालं. यंत्रही आलं. पहिले दोन दिवस ते लावून भागोजी घरभर दचकत फिरला. भांड्यांचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज. गणराज सुट्टीला आला तेव्हा बाप त्याच्यासमोर बसला आणि त्याला म्हणाला, "बोल." मग गणराज यार्डातल्या क्रेनबद्दल काहीबाही सांगत राहिला, आणि भागोजी डोळे मिटून ऐकत राहिला. डोळे मिटून ऐकायची त्याची ती कितीतरी वर्षांतली पहिलीच वेळ. मनुबाई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती बराच वेळ वळली नाही.

सुचिता मात्र गप्प बसली नव्हती. तिने माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला: कुठल्या जिल्ह्याच्या अपिलाला किती महिने लागतात आणि त्यातली किती मंजूर होतात? उत्तर मुदतीच्या आत आलं, हे कबूल करायला हवं. 'सदर माहिती जिल्हानिहाय संकलित केली जात नाही.' म्हणजे फरक नव्हताच; तो मोजत नाहीत, म्हणून नव्हता. सुचिताने ते पत्र आणि बाकांवर टिपलेली यादी दोन्ही फाईलला लावून ठेवली.

भागोजी श्रावणात मैनाच्या गावी गेला. तिची तारीख लागल्याचं सुचिताला कळलं होतं, आणि मैनाच्या घरी सोबत जाणारं कुणी नव्हतं. मैनाचं घर डोंगराच्या उतरणीला. भागोजीने अंगणात बसून तिला जे शिकवायचं ते शिकवलं: तपासणीला बसलीस की मशीनवाल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, भिंतीकडे बघायचं. आवाज आला तरच बोट वर करायचं. त्याला वाईट वाटेल असं मनात आणायचं नाही.

"त्याला खरंच वाईट वाटतं?" मैनाने विचारलं.

"न्हाय," भागोजी म्हणाला. "मना वाटायचं."

सुनावणीच्या दिवशी तिचा नंबर दुपारी आला. या वेळी सदाने नाव पुकारलं नाही. तो बाहेर आला, मैनाच्या समोर उभा राहिला आणि हाताने 'चला' म्हणाला. असं करायचा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता. आतलं काम चार मिनिटांत उरकलं. मैनाचंही गाव किनाऱ्यावरच्याच इस्पितळाखाली येई; तिथे त्याच महिन्यात कानाची एक डॉक्टर रुजू झाली होती, तिने मैनाला नव्याने तपासून, साठून राहिलेल्या सगळ्या फाइलींसोबत तिचाही अभिप्राय पाठवून दिला होता. मैनाला सत्तेचाळीस टक्के मिळाले. बत्तीस महिने थांबून चार मिनिटांचं काम झालं, तरी ती बाई साहेबांना हात जोडून बाहेर आली.

एसटी यायला तासभर होता. दोघं स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ खायला बसले. मैनाने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदरात आणि पदर मांडीखाली दाबून ठेवला होता. तिने विचारलं, की तुमचा पाच वर्षांनी संपला, की मग काय?

"मंग पुन्ना जायाचं," भागोजी म्हणाला, आणि मागून पोऱ्याने 'आणखी काय' विचारताच त्याच्याकडे न बघता, कानातलं यंत्र चाचपत, आणखी एक पाव मागितला.